अर्ध्या तासाची विश्रांती

भाचीच्या गुडघ्याखाली टॉवेलची घट्ट गुंडाळी ठेवली होती. करायचं एवढंच होतं: मांडी आवळायची, गुडघ्याने टॉवेल खाली दाबायचा, पाच मोजायचे, सोडायचं. ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ होती. ओठ घट्ट मिटून तिने जोर लावला आणि काहीच झालं नाही. मांडी जागची हलली नाही. तीन-तीन जणींना अंगावर घेऊन मध्यरेषेपर्यंत सरकत जाणारी पोर, आणि आता तिला नुसती मांडी आवळता येईना. फिजिओथेरपीची मुलगी वयाने तिच्याहून फार मोठी नसावी. तिने आपली दोन बोटं वाटीच्या जरा वर ठेवली आणि म्हणाली, "इथं बघ. माझ्या बोटांखाली काहीतरी हललं पाहिजे. बाकी काही नको." बराच वेळ गेला. मग कातडीखाली बारीकशी थरथर आली आणि गेली. "आली!" असं ती इतक्या आनंदाने म्हणाली, की शेजारच्या खाटेवरच्या आजींनीही मान वर करून पाहिलं.

आजारपणात दुखतं, अंगातली ताकद जाते, हे आपण पाहिलेलं असतं. आपलाच स्नायू आपलं ऐकत नाही हे मी पहिल्यांदा पाहत होते. नंतर डॉक्टरांनी समजावून सांगितलं. गुडघा सुजला, त्यात पाणी साठलं, की सांध्याकडून जाणारे संदेश मांडीच्या पुढच्या मोठ्या स्नायूला मिळणारा हुकूमच अडवून धरतात. स्नायू शाबूत, नसा शाबूत, मनात तर उठून पळायची घाई. पण शरीर म्हणतं, आत्ता नको. जखमी सांधा राखण्यासाठी त्याने स्वतःहून घातलेली ती बंदी असते. ती उठेपर्यंत मांडी वाळत जाते, दोन्ही पाय शेजारी ठेवले की लांबूनही कळतं. मग ती मांडी टॉवेल दाबून, पाय सरळ उचलून, टाच सतरंजीवरून मागे-पुढे सरकवून परत मिळवायची. यातल्या कशालाच बघ्यांची गर्दी होत नाही.

तिच्या गुडघ्यातलं लिगामेंट साताऱ्यात फाटलं. कॉलेजांमधला कबड्डीचा सामना, मॅटवरचा. चढाईवरून परत फिरताना तिचा डावा पाय रोवला गेला, अंग वळलं आणि पाऊल मात्र मॅटला धरून राहिलं. कुणी पकडलं नव्हतं, कुणी पाडलं नव्हतं. "कट् असा आवाज आला आत्या, मला ऐकू आला," हे ती पुन्हा पुन्हा सांगायची. ही दुखापत बहुतेकदा अशीच होते. वळताना होते, उडीनंतर पाय टेकताना होते, पळता पळता एकदम थांबताना होते. मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये, सांध्याच्या अगदी गाभ्यात, तिरपं बांधलेलं हे जेमतेम तीन सेंटिमीटरचं लिगामेंट. नडगी पुढे सरकू नये आणि वळताना गुडघा निसटू नये, हे त्याचं काम. ते सांध्यातल्या पाण्यात असतं, त्यामुळे फाटल्यावर तिथे रक्ताची गुठळी टिकत नाही आणि तुटलेली टोकं एकमेकांना धरत नाहीत. मोडलेलं हाड प्लास्टरमध्ये जुळतं. हे पूर्ण फाटलं की सहसा जुळत नाही.

संध्याकाळपर्यंत गुडघा दुपटीने सुजला होता. आमच्या आईने हळद-मिठाचा लेप शिजवला. शेजारच्यांनी हाडवैद्याचं नाव सुचवलं. आमच्याकडे गुडघा, खांदा, मनगट काहीही मुरगळलं तरी आधी तिकडेच जातात आणि कुस्तीच्या गावात त्या हातांवर लोकांचा विश्वास असायला कारणंही आहेत. निखळलेला खांदा क्षणात बसवणारे लोक मी लहानपणी पाहिलेत. पण फाटलेल्या लिगामेंटला चोळून ओढून उपयोग नाही, उलट गुडघ्यातली गादी आणखी चिरते. त्या दिवशी दादाने, तिच्या बापाने, कुणाचं ऐकलं नाही. "चोळायचं नाही. मिरजेला न्यायचं," एवढंच तो म्हणाला.

मिरजेला न्यायचं. आमच्या सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हे शब्द ऐकत मी मोठी झाले. घरात कुणाचं दुखणं हाताबाहेर गेलं की मोठी माणसं हलक्या आवाजात हेच बोलायची. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये इथे मिशनचं हॉस्पिटल उघडलं, तीन वर्षांत डॉक्टरकीचं शिक्षणही सुरू केलं, आणि तेव्हापासून रेल्वेच्या या जंक्शनवर कर्नाटकातून, कोकणातून, माणदेशातून माणसं खाटेसकट उतरत आली. आता गल्लोगल्ली दवाखाने आहेत. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला चेहरा पाहून विचारतो, "हाडाचं का हृदयाचं?"

एमआरआयमध्ये दिसलं ते डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून दाखवलं. जिथे एक काळी तिरपी पट्टी दिसायला हवी, तिथे नुसता करडा धूर होता. ते म्हणाले, सगळ्यांनाच ऑपरेशन लागतं असं नाही. सरळ चालायचं, घरकाम करायचं, तर चांगल्या व्यायामावर अनेकांचं भागतं. मग भाचीकडे वळून त्यांनी विचारलं, "तुला काय करायचंय?" ती म्हणाली, "रेड." त्यावर पुढची चर्चा थांबली. दादाने एकच प्रश्न विचारला, किती दिवस. डॉक्टर म्हणाले, "दिवस नाही, महिने. चालेल लवकर. मैदानात नऊ महिन्यांच्या आत नाही." दादा काही बोलला नाही, पण घरी येताना गाडीत तो स्वतःच्या उजव्या गुडघ्यावरून हात फिरवत बसला होता.

ऑपरेशन चालू असताना बाहेर बसवेना म्हणून मी चालत सतारमेकर गल्लीत गेले. दुकानांच्या वर भोपळे टांगलेले होते. पंढरपूरकडून येतात, महिने महिने वाळवतात, मग कुठे त्यांचा तंबोरा होतो. एक म्हातारे गृहस्थ जवारी काढत होते. तार लावायची, छेडायची, कान द्यायचा, तार काढायची, घोडी जरा घासायची, परत तार लावायची. घाईचा मागमूस नव्हता. तिथे उभं राहून माझा श्वास पहिल्यांदा जरा खाली बसला.

आत काय झालं ते मला नंतर कळलं. कमरेत सुई देऊन पाय बधिर केले. गुडघ्याला दोन बारीक भोकं पाडून एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून अवजारं. तिच्याच मांडीच्या मागच्या बाजूच्या दोन कंडरा काढून घेतल्या, चार पदरी केल्या. नडगीत एक बोगदा, मांडीच्या हाडात एक बोगदा, त्यातून ती नवी दोरी ओढून वर टायटॅनियमचं लहानसं बटण आणि खाली स्क्रू. फाटलेल्या गादीला दोन टाके. तिने अर्धजागेपणी पडद्यावर स्वतःचा गुडघा आतून पाहिला. "पांढरं-पांढरं होतं सगळं, स्वच्छ," ती म्हणाली.

या दुर्बिणीची गोष्ट मला फार आवडते. १९१८ मध्ये टोकियोत केंजी ताकागी नावाच्या सर्जननी मूत्राशय तपासायची नळी एका मृतदेहाच्या गुडघ्यात घालून पाहिली. त्यांना क्षयाने धरलेल्या गुडघ्यांची काळजी होती. क्षयानंतर गुडघा ताठ होऊन बसतो आणि जपानात जमिनीवर गुडघे मुडपून बसता न येणं म्हणजे जेवणाला, पाहुण्यांत, पूजेत माणूस बाजूला पडणं. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी त्याच वाटेने पुढे जाऊन १९६२ मध्ये दुर्बिणीतून फाटकी गादी काढली. जगभरच्या खेळाडूंना मैदानावर परत पाठवणारं हे उपकरण जमिनीवर बसणाऱ्या समाजाच्या गरजेतून आलं, हे आपल्याला चटकन समजावं. कारण आपणही खालीच बसणारी माणसं. ऑपरेशननंतर भाची आमच्या सांगलीच्या घरी राहिली तेव्हा मला दिसलं की आपलं सारं घर गुडघ्याच्या भरवशावर चालतं. देवासमोर बसणं, पाटावर जेवणं, भाजी निवडणं, खालच्या नळाला बादली लावणं. संडासात भोकाची प्लास्टिक खुर्ची आणून ठेवली. आई जेवताना खाली तिच्यापाशी बसायची आणि भाची वर खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर. आजीच्या वर बसून जेवायचं तिला इतकं अवघड व्हायचं, की पहिले काही दिवस ती पोटभर जेवली नाही. शेवटी आईनेच स्वतःला खुर्ची मागून घेतली.

रात्री मात्र कठीण जायच्या. बर्फाच्या पिशव्या, लांब ब्रेस, कुशीवर वळता न येणं. दादा शनिवारी एसटीने यायचा, तिच्या पायथ्याशी बसायचा आणि दोघं फार बोलायची नाहीत. दादाचा गुडघा कुस्तीत गेला आहे. तो विशीत होता, कुंडलच्या मैदानाची तयारी चालली होती, तालमीत कुणीतरी पट काढताना पाय खाली अडकला. तेव्हा कुणी एमआरआय केला नाही. तेल लावलं, फडकं घट्ट बांधलं, आणि सूज उतरल्यावर तो परत मातीत उतरला. गुडघा पुन्हा निसटला. मग पुन्हा. नंतर तो तालमीत गेला नाही आणि त्यावर घरात कधी बोलणं झालं नाही. आजही उसाच्या बांधावरून उतरताना तो एक हात हवेत धरतो. मुलीचा एमआरआय बघताना त्याने स्वतःचंच काहीतरी पाहिलं असावं.

आमचं माहेर कराडजवळ, गोळेश्वरपासून फार लांब नाही. पैलवान खाशाबा जाधवांची गोष्ट तिकडे पोराटोरांना पाठ असते. १९४८ ला लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण टाकून ७,००० रुपये दिले. २३ जुलै १९५२ ला ब्राँझ, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परतल्यावर कराड स्टेशनपासून गोळेश्वरपर्यंत शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक. इथे आल्यावर सांगणाऱ्याचा आवाज चढतो आणि बहुतेकदा गोष्ट इथेच संपते.

मला या गोष्टीतले दोन तुकडे हल्ली जास्त आठवतात, जे मिरवणुकीच्या आधी आणि नंतर राहून जातात. पहिला हेलसिंकीतला. जपानच्या शोहाची इशीशी खाशाबांची कुस्ती लांबली, खूप लांबली, आणि ते हरले. असं सांगतात, की त्यानंतर लगेच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद ममदबेयोव्हशी लढायला बोलावलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम मांडायला, अर्धा तास मागायला, भारताचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. थकलेले खाशाबा उतरले आणि हरले. इशीला सुवर्ण मिळालं, ममदबेयोव्हला रौप्य.

दुसरा तुकडा गुडघ्याचा. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार म्हणून लागले. १९५६ ला मेलबर्न होतं. त्याआधी त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि ऑलिंपिक तिथेच संपलं. त्या वेळी एमआरआय जगात नव्हता. वातानाबेंची कामाला येईल अशी दुर्बीण त्या दशकाच्या अगदी अखेरीला तयार झाली. ज्या पायाने मातीत आणि मॅटवर एवढं सोसलं, त्याच्यासाठी तेव्हा फडकं, तेल आणि माणसाची सहनशक्ती एवढीच सामग्री होती. पुढे ते पोलिसांत नोकरी करत राहिले, १९८४ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मरणोत्तर मिळाला. बैलगाड्या सगळ्यांना माहीत आहेत. गुडघा कुणी सांगत नाही, आणि मला वाटतं तो सांगायला हवा, शाळेत, मोठ्याने.

दुसरा गुडघा सांगलीचा. माधवनगरमध्ये वाढलेली क्रिकेटपटू स्मृती मानधना जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन हीटकडून खेळताना पडली आणि तिचं हेच लिगामेंट फाटलं. भाचीच्या खोलीत तिचा फोटो आधीपासून होता, पण या दुखापतीची माहिती नंतर आली आणि मग त्या फोटोकडे बघणं बदललं. पाच महिन्यांत ती विश्वचषकाला उभी राहिली. डर्बीला इंग्लंडविरुद्ध ९०, टाँटनला वेस्ट इंडीजविरुद्ध नाबाद १०६. नंतर धावा आटत गेल्या आणि २३ जुलैला लॉर्ड्सच्या अंतिम सामन्यात ती शून्यावर गेली. भाचीला फक्त पहिले दोन डाव दिसायचे. "पाच महिन्यांत, आत्या!" मी तिला म्हणायची, अगं, त्या मुलीभोवती फिजिओ होते, तज्ज्ञ होते, आणि तिचा गुडघा तिचा, तुझा तुझा. एकीची मुदत दुसरीला लावता येत नाही. मला स्वतःला त्या दोन शतकी-नव्वदी डावांपेक्षा पुढची आठ वर्षं मोठी वाटतात. २०२५ च्या नोव्हेंबरात नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक उचलला तेव्हा ती उपकर्णधार होती, त्याच गुडघ्यावर.

खरा घोर मला तिसऱ्या महिन्याच्या आसपास लागला. सूज गेली होती, दुखणं गेलं होतं, जिना चढता येत होता. साताऱ्याला कॉलेजात परतलेली भाची सकाळी अजिंक्यताऱ्याचा रस्ता चढायची. वर जाताना काही वाटायचं नाही, उतरताना मांडी लटलटायची. तेवढं सोडलं तर ती बरी होती. आणि नेमकं हेच दिवस धोक्याचे असतात. घातलेली दोरी जिवंत शरीरातून काढलेली असली तरी नव्या जागी तिला सुरुवातीला रक्त मिळत नाही. तिच्यातल्या पेशी मरतात, नुसता सांगाडा उरतो. मग हळूहळू भोवतालातून बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी येतात, धागे पुन्हा विणले जातात. जावळीत, पाटणात भाताची लावण करतात तेव्हा रोप आधी पिवळं पडतं, मगच मूळ धरतं, तसंच हे. साधारण सहाव्या ते बाराव्या आठवड्यांत ती दोरी सर्वांत कमजोर असते, आणि बाहेरून माणूस धडधाकट दिसत असतो. पूर्ण लिगामेंटसारखी व्हायला वर्ष, कधी त्याहून जास्त लागतं.

त्याच सुमाराला फोन आला. निवड चाचणी होती. "फक्त उभी राहा, चढाई करू नको, नाव लागू दे," असा आग्रह होता. करणाऱ्यांच्या मनात वाईट नव्हतं, संघाला ती हवी होती. भाचीने मला फोन केला, आवाजात आधीच होकार होता. ती म्हणाली, "दुखत नाही गं आता." मी काय सांगणार? मला नऊ महिने हा आकडा माहीत होता. २०१६ मध्ये डेलावेअर आणि ऑस्लोच्या अभ्यासकांनी दाखवलं होतं, की खेळात परतणं नऊ महिन्यांपर्यंत जसजसं लांबवावं तसतशी गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याची शक्यता दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने उतरते. हे मी सांगितलं. विशीतल्या मुलीला शक्यता ऐकू येत नाहीत.

दादा त्या रात्री साताऱ्याला गेला. काय बोलला, मला ठाऊक नाही. वहिनी म्हणते, त्याने तिला आपला गुडघा धरायला लावला आणि मांडी सैल सोडून नडगी पुढे ओढून दाखवली. किती पुढे येते बघ, म्हणाला. मग संघाच्या सरांना त्याने स्वतः फोन करून सांगितलं, ती येणार नाही, तिच्या वतीने मी सांगतोय. सरांनी मानलं.

खेळणारा माणूस विश्रांती मागत नाही. मागितली तर तो कच्चा ठरेल, जागा जाईल, अशी भीती त्याच्या हाडात मुरलेली असते. हेलसिंकीत खाशाबांनी अर्धा तास स्वतः मागितला असता का? मला नाही वाटत. तो मागायला शेजारी कुणीतरी लागतं, ज्याला नियम माहीत आहे आणि ज्याचा आवाज पोचतो. भाचीचं नशीब, की तिच्याकडे असा एक माणूस होता, ज्याच्यासाठी त्याच्या वेळी कुणी नव्हतं.

ती आता परत खेळते. दोन्ही मांड्यांची ताकद मोजून, एका पायावर उड्या मारून दाखवून, मग.

ही दुखापत मुलांपेक्षा मुलींना कितीतरी जास्त होते आणि आपल्या दोन्ही जिल्ह्यांत मुली आता कबड्डी, खो-खो, कुस्ती, धावणं सगळं खेळतात, याचा मला आनंद आहे. म्हणून शाळा-कॉलेजांतल्या क्रीडाशिक्षकांना, तालमींतल्या वस्तादांना आणि घरच्यांना माझं सांगणं आहे. सरावाआधीची वीस मिनिटं उडी मारून नीट उतरायला, गुडघा आत न वळवता थांबायला शिकवा, त्याने अशा दुखापती कमी होतात. गुडघा कट् वाजला आणि सुजला तर चोळू नका, डॉक्टरला दाखवा. आणि ऑपरेशन झालेल्या मुलीचं नाव, ती स्वतः कितीही विनवणी करो, नऊ महिने पुरे झाल्याशिवाय आणि तिच्या पायाची ताकद तपासून घेतल्याशिवाय संघाच्या यादीत लिहू नका.